विज्ञानाचा पदवीधर आणि त्याचे जर्नल

पदवीच्या प्रथम वर्षासाठी विज्ञान शाखेत नाव घालणारा विद्यार्थी हा बहुधा दुसऱ्या कोणत्या तरी दारावरून परत आलेला असतो. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले, अभियांत्रिकीच्या हव्या त्या शाखेत जागा मिळाली नाही, किंवा मिळालेल्या जागेची फी वडिलांना झेपण्याजोगी नव्हती, असे काही तरी घडलेले असते. आणि वर्ष फुकट जाऊ नये एवढ्या विचाराने तो बी.एस्सी.ला येतो. घरची मंडळीही पाहुण्यांना सांगताना ‘सध्या बी.एस्सी. करतो आहे’ असे सांगतात. आपल्या समाजाने विज्ञानाच्या पदवीला कोणते स्थान दिले आहे, ते या ‘सध्या’ शब्दावरून कळते. कला शाखेच्या विद्यार्थ्याविषयी कोणी ‘सध्या’ म्हणत नाही, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याविषयीही नाही. बी.एस्सी. ही मात्र ओसरी मानली जाते. आत बोलावणे आले तर जायचे, नाही आले तर तेथेच बसून राहायचे.

ही ओसरी किती मोठी आहे, याची कल्पना मात्र फारशी कोणास नसते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणविषयक अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ या वर्षी पदवी स्तरावरील एकूण विद्यार्थ्यांपैकी १४.८ टक्के विज्ञान शाखेत होते, तर अभियांत्रिकी व तंत्रज्ञान शाखेत ११.८ टक्के. पदवीपासून संशोधनापर्यंतचे सर्व स्तर धरले तर विज्ञानाचे विद्यार्थी ५७.२ लाख भरतात. एवढ्या मोठ्या समुदायास ‘पुढे काय?’ असे विचारले जाते, तेव्हा विचारणाराच्या मनात उत्तर जवळजवळ ठरलेले असते : एक तर बी.एड., नाही तर स्पर्धापरीक्षा, नाही तर संगणकाचा एखादा कोर्स.

प्रस्तुत लेखकास या प्रश्नाचे उत्तर थोडे निराळे वाटते. विज्ञानाच्या पदवीधरापुढे वाटा नाहीत, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. वाटा पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी काही तर कायद्याने त्याच्यासाठी राखल्यासारख्या आहेत. परंतु त्या बहुतेक सर्व वाटांवर त्याच्याजवळ एका गोष्टीची अपेक्षा केली जाते : त्याने घेतलेल्या मोजमापावर दुसऱ्यास डोळे मिटून विसंबता आले पाहिजे. आणि नेमकी हीच गोष्ट आपली महाविद्यालये तीन वर्षांत शिकवीत नाहीत. किंबहुना तिच्या उलट सवय लावून विद्यार्थ्यास बाहेर पाठवितात.

पूर्वीची प्रतिष्ठा

बी.एस्सी.ला नेहमीच ओसरीची कळा होती असे नाही. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘यूडीसीटी’, १९३३ मध्ये सुरू झाला, आणि दीर्घकाळपर्यंत तेथील बी.एस्सी.(टेक.) या अभ्यासक्रमाची पायरी बी.एस्सी. हीच होती. आधी रसायनशास्त्र नीट शिकायचे आणि मग त्याचे तंत्र, असा तो क्रम होता. १९५० मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. १९५७ मध्ये तुर्भे येथे अणुऊर्जा खात्याचे प्रशिक्षण विद्यालय निघाले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि अंबरनाथ, डोंबिवली, तारापूर, पुढे रोहे, महाड, लोटे अशा ठिकाणी रासायनिक कारखान्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. या साऱ्यांना प्रयोगशाळेत पाय रोवून उभा राहू शकणारा माणूस हवा होता. पहिल्या वर्गात बी.एस्सी. झालेल्या मुलाचे नाव त्या काळी गावात आदराने घेतले जात असे.

१९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या धोरणाचे गुणदोष हा येथे विषय नाही. विज्ञान शाखेपुरता त्याचा परिणाम एवढाच, की ज्याला फी भरणे शक्य आहे तो तिकडे जाणार आणि उरलेला इकडे येणार, अशी वाटणी हळूहळू समाजमान्य झाली. पदवीचे मोल तिच्या आशयावरून न ठरता ती घेणाराच्या ऐपतीवरून ठरू लागले.

कायद्यात लिहिलेली पदवी

‘नुसत्या बी.एस्सी.ला कोण विचारतो?’ असे म्हणणाऱ्यांनी औषध नियम, १९४५ एकदा चाळून पाहावेत. औषधे तयार करण्याचा परवाना हवा असेल, तर ते काम सक्षम तांत्रिक व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालले पाहिजे, अशी अट या नियमांत आहे. आणि ही सक्षम व्यक्ती कोण, हेही तेथेच सांगितलेले आहे. औषधनिर्माणशास्त्राचा पदवीधर दीड वर्षाच्या अनुभवानंतर या कामास पात्र ठरतो. रसायनशास्त्र हा प्रमुख विषय घेऊन विज्ञानाची पदवी मिळविलेला मनुष्य औषधनिर्मितीच्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष अनुभवानंतर पात्र ठरतो. रसायन अभियंत्यालाही तीनच वर्षे लागतात. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने या जागी बी.एस्सी. आणि अभियंता एका पंक्तीला बसतात! परीक्षण विभागाच्या प्रमुखासाठीही विज्ञानाची पदवी आणि औषधे तपासण्याचा अनुभव पुरेसा मानला आहे. अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळालेल्या केमिस्टला कारखानदारीत जी किंमत आहे, तिचे मूळ या नियमांत आहे. महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत, गोव्यात वेर्णे-कुंडईला, गुजरातेत वापी-अंकलेश्वरला असे केमिस्ट मोठ्या संख्येने काम करीत आहेत, आणि त्यांत मराठी मुलामुलींची संख्या लहान नाही.

हे काम असते तरी कसे? उदाहरणासाठी पॅरासिटामॉलची साधी गोळी घेऊ. वेष्टनावर ५०० मिलिग्रॅम लिहिले असेल, तर भारतीय औषधसंहितेप्रमाणे गोळीत त्याच्या ९५ ते १०५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५ मिलिग्रॅम औषध भरले पाहिजे. हे पाहण्यासाठी केमिस्ट नमुना घेतो, दळतो, तराजूवर तोलतो, द्रावण तयार करतो, उपकरणातून त्याचे वाचन घेतो, प्रमाणभूत नमुन्याशी ताडून पाहतो, गणित मांडतो आणि खाली सही करतो. तराजूचा छापील कागद वहीला जोडावा लागतो. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ मारून, शेजारी बरोबर आकडा लिहून, तारीख घालून सही करायची. खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. संगणकावर घेतलेल्या वाचनात कोणी फेरफार केला तर त्याचीही नोंद संगणकात आपोआप राहते. आकडा मर्यादेबाहेर आला तर केमिस्टला शिक्षा नसते. त्याची चौकशी होते, कारण शोधले जाते. तो आकडा लपविला तर मात्र नोकरी जाते. डिसेंबर २०२३ मध्ये औषध नियमांतील अनुसूची ‘एम’ सुधारून जाहीर करण्यात आली, तेव्हापासून लहान कारखान्यांवरही नोंदींची ही शिस्त अधिक काटेकोरपणे येऊ लागली आहे.

औषधांचे जग ज्यांना दूरचे वाटेल, त्यांनी आपल्या तालुक्यातील साखर कारखान्याकडे पाहावे. उसाचा किमान दर उताऱ्यावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये असा रास्त व किफायतशीर दर केंद्राने जाहीर केला, आणि त्यापुढे दर ०.१ टक्क्यास ३.४६ रुपये वाढ दिली. दशांश चिन्हानंतरचा एक आकडा आणि टनामागे साडेचौतीस रुपये! या उताऱ्याचा हिशेब ज्या ब्रिक्स आणि पोलच्या आकड्यांवर उभा राहतो, ते आकडे कारखान्याच्या प्रयोगशाळेत तीन पाळ्यांत काम करणारे केमिस्ट नोंदवितात. आणि हे केमिस्ट बहुधा आसपासच्या महाविद्यालयांतून बी.एस्सी. झालेले असतात. मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत आणि कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत विज्ञान पदवीधरांसाठी साखर तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. त्यातून पुढे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्टच्या पदापर्यंत जाता येते. दुधाचेही तेच. फॅट आणि एसएनएफ यांच्या आकड्यांवर गावच्या प्रत्येक घरातील दुधाचा पगार ठरतो. फॅट कमी लागली म्हणून डेअरीत भांडणारा बाप आणि महाविद्यालयात ब्युरेटचे वाचन शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेणारा मुलगा पुष्कळदा एकाच घरात राहतात, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

जर्नल नावाची संस्था

आता महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जाऊ. शिक्षक वाचकांना पुढील वर्णनात नवे काही आढळणार नाही. बॅचमध्ये वीस-पंचवीस विद्यार्थी, तराजू दोन, त्यांतला एक बंद. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ च्या जवळपास यायचे आहे, हे विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. मग ते मूल्य धरून उलटे गणित केले जाते आणि आंदोलनांचे वेळ मागाहून भरले जातात. टायट्रेशनमध्ये ब्युरेटची तिन्ही वाचने दशांशापर्यंत अगदी सारखी असतात. सॉल्ट कोणते आहे, ते मागच्या बॅचकडून कळलेले असते. मागील वर्षीचे जर्नल नव्या वर्षीच्या जर्नलात सुवाच्य अक्षरांत उतरते, आकृत्या पेन्सिलीने काढल्या जातात, सत्राच्या अखेरीस पन्नास जर्नले एका दिवसात सह्या होऊन परत जातात, आणि प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याचा दाखला पहिल्या पानावर चिकटतो.

याचा दोष एकट्या विद्यार्थ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. प्रामाणिकपणे प्रयोग करून ज्याचे उत्तर ९.२ आले त्याचे गुण कापले जातात, आणि ज्याने न करताच ९.७९ लिहिले त्याला पूर्ण गुण मिळतात. व्यवस्थेने कशाला बक्षीस द्यायचे ठरविले आहे, हे अठरा वर्षांच्या मुलास चटकन समजते. शिक्षकावर सारा भार टाकणेही योग्य नाही. अनेक ठिकाणी प्रात्यक्षिक घेणारा अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेला असतो; त्याच्या हातात पुढच्या वर्षीची खात्री नाही. निवृत्त झालेल्या प्रयोगशाळा सहायकाच्या जागी नवा माणूस येत नाही. रसायने येतात ती परीक्षेच्या आधी, तीही मोजकी. अशा स्थितीत जर्नल ‘पूर्ण’ करून घेणे हाच सर्वांच्या सोयीचा मार्ग उरतो.

परंतु या सोयीची किंमत कोठे तरी द्यावी लागते. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्यामुळे चौदा रुग्णांना प्राण गमवावे लागले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशीत खरेदी, परवाने आणि तपासणी या सगळ्या साखळीतील दोष उघड झाले. तेव्हा असे वाटले होते की, निदान हा एक पदार्थ तरी यापुढे कोणाच्या बाटलीत जाणार नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गांबिया देशातील साठाहून अधिक बालकांच्या मृत्यूंच्या संदर्भात भारतात बनलेल्या पातळ औषधांविषयी इशारा दिला. त्यांतही हेच विष होते. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले दगावली, आणि पुन्हा तेच नाव पुढे आले. या प्रत्येक प्रकरणी दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयांचे काम आहे. पण कच्च्या मालाच्या पिंपातून नमुना काढून एक ठरलेली चाचणी खरोखर केली गेली असती, आणि तिचा निष्कर्ष जसा आला तसा लिहिला गेला असता, तर हे विष बाटलीपर्यंत पोहोचले नसते, एवढे निश्चित.

जगाच्या बाजारातही ही सवय आपल्याला महाग पडली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने औरंगाबादजवळच्या वाळूज येथील एका मोठ्या औषध कारखान्यातून येणारा माल रोखला. तपासणीच्या मूळ नोंदी फाडून कचऱ्यात टाकलेल्या आढळल्या, हा त्या प्रशासनाच्या पत्रातील एक आक्षेप होता. मूळ नोंद फाडायची आणि स्वच्छ, नीटनेटकी दुसरी लिहून काढायची, ही युक्ती कोणी परदेशातून आणलेली नाही. कच्ची वही आणि पक्के जर्नल यांचा हाच संबंध आपण पहिल्या वर्षापासून शिकवीत आलो आहोत.

म्हणूनच कारखान्यांतील वरिष्ठ मंडळींची तक्रार ऐकली की तिचा रोख कळतो. मुलाला नवे उपकरण चालविता येत नाही, याची त्यांना फारशी खंत नसते. ते महिनाभरात शिकविता येते. चार महिने झाले तरी तो ‘सर, उत्तर किती यायला पाहिजे?’ असे विचारतो, याची मात्र असते.

आणखी काही वाटा

मोजमापाची ही शिस्त अंगी बाणली, तर इतर दारेही उघडी आहेत; त्यांची माहिती अंतिम वर्षापर्यंत पोहोचतच नाही, हे दुःख. विषय निवडतानाच तिचा उपयोग होऊ शकतो. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदाचे उदाहरण पाहा : २०११ च्या नियमांनुसार सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान यांतील पदवीधर या पदास पात्र आहे, पण रसायनशास्त्र घेतलेल्याला मात्र पदव्युत्तर पदवी लागते. प्रथम वर्षात हे ठाऊक असणे आणि तृतीय वर्षानंतर कळणे, यांत एका विद्यार्थ्याच्या दोन वर्षांचे अंतर आहे.

भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अणुवीज महामंडळ विज्ञान पदवीधरांना विद्यावेतनी प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात. पदवीला ६० टक्के गुण आणि कमी वय या त्यांच्या अटी आहेत. भौतिकशास्त्र पुढे एम.एस्सी.पर्यंत नेले, तर तुर्भ्याचा विकिरण भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम करून कर्करोग रुग्णालयात वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ होता येते. रुग्णाला किरणांची मात्रा किती द्यायची, याचे गणित तो करतो. भारतीय वनसेवेच्या परीक्षेला तर केवळ पदवी चालत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायन, भौतिक, गणित, संख्याशास्त्र, भूशास्त्र अशांपैकी एखादा विषय किंवा शेती, वनशास्त्र, अभियांत्रिकी यांतील पदवी लागते. संख्याशास्त्राच्या पदवीधरास भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा देता येते, जिथे गर्दी नागरी सेवेच्या मानाने पुष्कळच कमी असते. १९७० च्या पेटंट कायद्याखाली पेटंट एजंट होण्यासाठी विज्ञान, अभियांत्रिकी वा तंत्रज्ञान यांची पदवी आणि एक पात्रता परीक्षा पुरते; वकिलीची सनद लागत नाही. ज्याला रसायनशास्त्र आणि इंग्रजी वाक्य दोन्ही नीट कळतात, अशा पदवीधरासाठी ही वाट विशेष चांगली आहे, आणि मराठी मुले तिकडे फारशी वळताना दिसत नाहीत.

न्यायसहायक विज्ञानाचा उल्लेख वेगळा करावयास हवा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, असे बंधन घातले आहे; राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. महाराष्ट्रात कलिन्याच्या मुख्य प्रयोगशाळेखेरीज नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर येथे प्रयोगशाळा आहेत. हे बंधन कागदावर राहायचे नसेल तर त्यांत माणसे लागतील, आणि ती माणसे विज्ञान शाखेतूनच यायची आहेत. तेथे चुकीच्या नोंदीचा अर्थ निरपराधास शिक्षा किंवा अपराध्याची सुटका असा होतो, हे वेगळे सांगावयास नको.

स्पर्धापरीक्षांविषयी एवढेच म्हणावेसे वाटते की, त्यांत वावगे काही नाही; पण पाच-सहा वर्षे अभ्यासिकेत काढल्यावर जो परत येतो, त्याचा प्रयोगशाळेतील हात सुटलेला असतो. प्रयत्न किती वेळा करायचा, हे आधी ठरवून त्या वाटेला लागावे. संगणक क्षेत्रातील मोठ्या कंपन्या विज्ञान पदवीधरांना घेतात, काही त्यांच्या पुढील शिक्षणाचा भारही उचलतात. तेथे जाणाऱ्यास मार्गदर्शनाची उणीव भासत नाही, म्हणून त्याविषयी येथे अधिक लिहीत नाही.

शिक्षक आणि संशोधक

बी.एस्सी., बी.एड. ही वाट सर्वांत परिचित, आणि आज सर्वांत कंटाळवाणी. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी २०१७ मध्ये झाली, मग २०२३ मध्ये आणि पुढे २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांमधील अंतर पाच वर्षांहून अधिक! निवड झाल्यावर तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. त्याचे माध्यमिक शाळेतील मानधन १ जानेवारी २०२३ पासून १८,००० रुपये करण्यात आले. तिशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या, घरी आईवडील असलेल्या माणसाने यात काय करावे, याचे उत्तर शासनाने द्यावयास हवे. परंतु या प्रश्नाची एक दुसरी बाजू आहे, आणि ती भरतीपेक्षाही खोल जाते. ज्या पदवीधराने स्वतः कधी प्रयोग केला नाही, तो आठवीच्या मुलांना प्रयोग करून दाखवीत नाही. तो फळ्यावर आकृती काढतो, निरीक्षण आणि अनुमान लिहून देतो. ती मुले पुढे महाविद्यालयात येतात तेव्हा प्रयोग म्हणजे लिहून काढण्याची गोष्ट, हे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. जर्नलाचे हे वर्तुळ असे पुरे होते.

संशोधनाकडे जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दारे पूर्वीपेक्षा रुंद झाली आहेत, हे मान्य केले पाहिजे. आयआयटीतील एम.एस्सी.साठी सामाईक परीक्षा आहे. केंद्राच्या नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी अशा पदवीधराला ७५ टक्के गुण असल्यास थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरविले. महाराष्ट्रात हे धोरण स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले आहे. कल्पना चांगली आहे. मात्र चौथे वर्ष ‘संशोधनासह’ म्हणून जाहीर करताना त्या महाविद्यालयात संशोधन करणारे कोणी आहे काय, तराजू चालतो काय, मासिके येतात काय, हे पाहिले गेले नाही, तर विद्यार्थ्याचे एक वर्ष आणि पालकाची एक फी तेवढी वाढेल. पालकांनी चौथ्या वर्षाचा प्रवेश घेण्यापूर्वी प्रयोगशाळा स्वतः जाऊन पाहावी, असे सुचवावेसे वाटते.

या सर्व चर्चेत आपण ‘मुलगा’ आणि ‘तो’ असे लिहीत आलो, ते सवयीने. वर सांगितलेल्या ५७.२ लाखांत मुलींची संख्या २९.८ लाख आहे. म्हणजे विज्ञान शाखा आता निम्म्याहून अधिक मुलींची आहे. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये बी.एस्सी. झालेल्या कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, यांना बंगळूरच्या विज्ञान संस्थेत केवळ स्त्री म्हणून नकार मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही, अटी पत्करून प्रवेश घेतला, १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या गेल्या. आज प्रवेश कोणी नाकारीत नाही. आजची अडचण औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी, तिथवर जाणारी बस आणि राहण्यासाठी वसतिगृह या तीन गोष्टींची आहे. मुलीला रसायनशास्त्रात ८० टक्के असतात, कारखान्यात जागा असते, आणि घरचे ‘लांब आहे’ म्हणतात. एखाद्या औद्योगिक वसाहतीत महिला केमिस्टसाठी वसतिगृह बांधणे हे उद्योगसंघटनांच्या आवाक्याबाहेरचे काम नव्हे. चार कारखाने एकत्र आले तरी ते होऊ शकते.

काय करता येईल

मोठ्या मागण्या आहेत आणि त्या केल्याच पाहिजेत : अध्यापकांच्या रिक्त जागा कायमस्वरूपी भराव्यात, प्रयोगशाळा सहायक आणि परिचर यांची पदे ही अनावश्यक खर्चाची बाब समजू नये. नव्या अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक दिले आहेत. शिकाऊ उमेदवारी कायद्यातही २०१४ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीखेरीज इतर पदवीधरांना जागा झाली. या दोन्हींचा मेळ घालून प्रत्येक महाविद्यालयाने जवळचा साखर कारखाना, दूध संघ, पाणी तपासणी प्रयोगशाळा, औषध कारखाना यांच्याशी करार करावा. नुसता शिक्का मारून आणलेले प्रमाणपत्र म्हणजे दुसरे जर्नलच होईल, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

तथापि एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. पक्के जर्नल बंद करावे आणि कच्ची वहीच तपासावी. वाचन शाईने, जागेवर, तारखेसह लिहिले जावे, चूक एका रेघेने खोडावी आणि तास संपताना त्या पानावर शिक्षकाने आद्याक्षरे घालावीत. उत्तर किती जवळ आले याला थोडे गुण आणि नोंद किती खरी व पूर्ण आहे याला अधिक गुण ठेवावेत; ९.२ लिहिणाऱ्याने ते ९.२ का आले असावे हे सांगितले तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. प्रात्यक्षिक परीक्षेत सर्वांना एकाच पिंपातले द्रावण देण्याची चाल सोडावी. आदल्या दिवशी परीक्षकाने बाटल्यांवर क्रमांक घालून प्रत्येकीत थोड्या वेगळ्या तीव्रतेचे द्रावण भरावे, आणि कोणत्या बाटलीत काय आहे याची यादी शेवटचा विद्यार्थी वही देऊन जाईपर्यंत स्वतःच्या खिशात ठेवावी. वीस विद्यार्थ्यांच्या बॅचसाठी या तयारीस फार तर तासभर जादा लागेल.